नांव गांवाचें, मैदान परगांवचें

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननें २०२३ सालीं महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, तेव्हां सहा संघांपैकीं एकास रत्नागिरीचें नांव मिळालें, हें पुष्कळ श्रोत्यांस ठाऊक असेल. त्या वर्षींचा अंतिम सामना पावसानें पुरा होऊं दिला नाहीं, व गुणांत अग्रेसर म्हणून रत्नागिरी जेट्स संघास विजयी ठरविण्यांत आलें. २०२४ सालीं मात्र त्यानें मैदानावर खेळून अजिंक्यपद राखलें. या दोन्ही वर्षींचे सामने झाले पुण्याजवळ, गहुंजे येथें. नांव कोंकणचें आणि मैदान देशावरचें! अर्थात् जूनमधील रत्नागिरीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, ते असोसिएशनला फारसा दोष देणार नाहींत.

धाकटा संघ थोरल्या संस्थेच्या दाराशीं असावा, ही ओढ इतरत्रही आहे. अमेरिकेंत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे मोठे क्लब आपले होतकरू खेळाडू खालच्या श्रेणीच्या एका संघांत ठेवतात. वरचा कोणी जायबंदी झाला, कीं खालच्यास बोलावणें जातें. लॉस एंजेलिसच्या क्लबाचा असा संघ २००१ पासून खंडाच्या दुसऱ्या टोकास, न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथें नांदत होता. बोलावणें आलें, कीं खेळाडूस सबंध खंड ओलांडावा लागे. २०१५ च्या जानेवारींत असे पांच संघ कॅलिफोर्नियांत हलविण्याचें जाहीर झालें. आपला संघ जाणार हें मँचेस्टरला कळून चुकलें होतें. तरी त्याच संघानें जूनमध्यें कॉल्डर चषक जिंकला, आणि चषक जिंकून तो गेला! गांवाच्या वांट्यास त्याहूनही खालच्या श्रेणीचा संघ आला. नांव जुनेंच ठेविलें होतें. २०१९ सालीं तोही बंद पडला.

ज्यांना लाभ झाला, त्या गांवांचेंही भाग्य टिकलेंच असें नाहीं. कॅनडांतील कॅल्गरीच्या क्लबानें आपला धाकटा संघ त्याच वेळीं कॅलिफोर्नियांतील स्टॉकटन येथें आणला होता. २०२२ सालीं तो उचलून थेट आपल्याच शहरांत नेला.

क्लबांचा हिशेब चुकीचा म्हणतां येत नाहीं. प्रवास वांचतो, शिक्षकांची नजर राहते. चौदा मोसम तिकिटें काढून बसणाऱ्यांच्या जिव्हाळ्यास मात्र त्या वहींत रकाना नाहीं.

रत्नागिरीची गोष्ट निराळी. तेथून कांहीं उचलून नेलें गेलें नाहीं. सामने मुळांत तेथें आलेच नव्हते. पण तिचें नांव घेऊन दोनदां जिंकलेल्या संघानें पावसाळा सरल्यावर एखादा मैत्रीचा सामना, निदान चार दिवसांचा सराव, रत्नागिरींत करावा, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. गहुंजें सुमारें ३०० किलोमीटर दूर. दापोली-राजापूरच्या किती मुलांना तेथवर जातां येईल? मार्गशीर्षांतल्या निरभ्र दिवशीं खेळावयास विजेच्या दिव्यांचे खांबही लागत नाहींत.