साखरेचा आकडा आणि चालते पाय



मधुमेहाची चर्चा बहुधा रक्तातील साखरेच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. रुग्णाला जिना चढता येतो काय, बाजारातून पिशवी उचलून आणता येते काय, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. वस्तुतः त्याचे जगणे याच गोष्टींवर अवलंबून असते.

या दृष्टीने अमेरिकेतील ‘लुक अहेड’ ही चाचणी उद्बोधक आहे. २००१ साली सुरू झालेल्या या चाचणीत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेले ५,१४५ स्थूल स्त्री-पुरुष होते. एका गटाला आहारनियमन व आठवड्यास १७५ मिनिटांचा व्यायाम, तर दुसऱ्याला केवळ माहिती व आधार देण्यात आला. हृदयविकाराचे झटके कमी व्हावेत, हा मुख्य हेतू होता. तो साध्य होत नाही असे दिसल्याने २०१२ साली व्यायामाचा कार्यक्रम थांबविण्यात आला. मग व्यायाम व्यर्थ ठरला काय? मुळीच नाही. पहिल्या चार वर्षांत हिंडण्याफिरण्याची शक्ती गमावण्याचा धोका व्यायाम करणाऱ्या गटात ४८ टक्क्यांनी कमी आढळला. आयुष्याची लांबी हे एक माप झाले. स्वतःच्या पायांवर जगणे हे दुसरे, आणि ते गौण नव्हे.

भारतात हा प्रश्न मूठभरांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. गोव्यात तर प्रौढांतील प्रमाण २६.४ टक्के आहे.

कष्टकऱ्याला व्यायामाची गरज काय, असे विचारले जाते. परंतु दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी स्त्री किंवा चाकामागे बसलेला ट्रकचालक थकतो, तरी त्याच्या स्नायूंना चलनवलन मिळत नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवर फारसा विसंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतो. बसून आलेल्या थकव्याने हे घडत नाही.

‘रोज चाला’ हा डॉक्टरांचा सल्ला रास्तच आहे. पण कामाचे तास बारा, पदपथावर वाहने, मैदानावर इमारत, अशा स्थितीत चालायचे कोठे आणि केव्हा? सल्ला फुकट मिळतो, सवड मिळत नाही. म्हणून कामाचे मर्यादित तास, हक्काची साप्ताहिक सुटी आणि मोकळे पदपथ या मागण्या आरोग्याच्याही मागण्या आहेत.

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. वस्तीवस्तीत संध्याकाळी एकत्र चालण्याचा उपक्रम सुरू करता येईल. मात्र इन्सुलिन वा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि जवळ साखर बाळगावी. पायांची संवेदना मंदावलेल्यांनी अनवाणी चालू नये. रोज तळवे तपासावेत. आरोग्य केंद्रात रक्ताबरोबर पायही तपासले जावेत, असा आग्रह प्रत्येक शाखेने धरावा.