सणासुदीचे दिवस आणि नवदीक्षितांचे मन

(वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेत एका वकील-उपासकाने केलेले भाषण)



वर्षावास चालू आहे. पुढील दोन महिने पितृपंधरवडा, दसरा आणि दिवाळी यांचे आहेत. दीक्षेने आपल्या घरातील देव्हारा गेला. परंतु हे दिवस आपले दार चुकवून जात नाहीत. शेजारच्या घरी आकाशकंदील लागतो आणि आपले मूल उंबऱ्यात उभे राहून तो पाहते. भाऊबीजेला बहीण येईल की नाही, याची हुरहूर लागते. गेलेल्या माणसांची आठवण याच दिवसांत दाटून येते. या दुःखाविषयी आपल्या सभांतून कोणी बोलत नाही. कारण असे वाटणे म्हणजे निष्ठेचा उणेपणा, असा आपला समज आहे. तो समज सर्वस्वी चुकीचा आहे. ज्या तथागतांनी दुःखाचे अस्तित्व हेच पहिले आर्यसत्य म्हणून सांगितले, त्यांच्या उपासकाने दुःख लपवावे हे विसंगत होय.

याबाबतीत मी स्वतः अपराधी आहे. दीक्षेनंतरच्या पहिल्याच पितृपंधरवड्यात माझ्या आईने वडिलांच्या तिथीला मुकाट्याने एक पान वाढले. मी तिला बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा ऐकवली आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले. ती एवढेच म्हणाली, "मी देवाला नव्हते वाढत, तुझ्या वडिलांना वाढत होते." तिने पान उचलले आणि त्या दिवशी ती जेवली नाही. प्रतिज्ञा श्राद्ध-पिंडदानाचा निषेध करते. वडिलांच्या आठवणीचा निषेध करीत नाही, हा भेद कायदा शिकलेल्या मला त्या वेळी कळला नाही.

तो भेद मला सिगालोवाद सुत्ताने शिकविला. सिगाल नावाचा तरुण ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. का? तर मरतेवेळी पित्याने तसे सांगितले होते म्हणून. भगवंतांनी त्याची चेष्टा केली नाही. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, असा त्यांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. आईबापांविषयीच्या कर्तव्यांत, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्यासाठी दान द्यावे, हेही कर्तव्य तेथे सांगितले आहे. म्हणजे रूढी गेली, पण पित्यावरील प्रेमाला नवी वाट मिळाली.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास दीक्षा दिली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच दिवाळी आली आणि दीक्षेपासून त्रेपन्नाव्या दिवशी, 6 डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या पिढीचे पहिले वर्ष आनंदाचे आणि शोकाचेही होते. तुम्हास एकटे वाटत असेल, तर त्या लाखो माणसांचे स्मरण करा.

आता अधिकाराविषयी. सणाला गावी गेल्यावर काही भाऊबंद म्हणतात, "धर्म सोडलास, आता जमिनीत वाटा नाही." हा निव्वळ धाक आहे. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा त्याच्या दुसऱ्या कलमानुसार बौद्धांनाही लागू आहे. बौद्ध झाल्याने वारसाहक्क बुडत नाही. धाक घालून वर्गणी उकळणे हा गुन्हा आहे. संविधानाचे पंचविसावे कलम सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. परंतु जे स्वातंत्र्य आपण गावाकडे मागतो, ते घरातील वृद्ध आईला नाकारून कसे चालेल? तिचे मन वळवावे, मोडू नये.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : वडीलधाऱ्यांच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदन करा, त्यांच्या नावाने एखाद्या गरीब विद्यार्थ्यास वह्या-पुस्तके द्या आणि त्यांच्या गोष्टी नातवंडांना सांगा. दुसरी : बहिणीकडे अवश्य जा. पूजेला बसू नका. पण तिच्या हातचे जेवण नाकारू नका. तिसरी : मुलांना केवळ "आपण हे करीत नाही" असे सांगू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्यांना नवे कपडे घ्या, गोडधोड करा, विहारात दिवे लावा. ज्या घरात नकारच ऐकू येतो, तेथे मूल रमत नाही.

दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये आश्विन पौर्णिमा येते. त्या दिवशी भिक्खू प्रवारणा करतात. म्हणजे माझे काही चुकले असल्यास सांगा, अशी एकमेकांना विनंती करतात. तुम्हीही त्या रात्री घरातील सर्वांना एकत्र बसवा आणि कर्त्या माणसाने हा प्रश्न आधी विचारावा. मी तो आईला विचारला. ती पुष्कळ वेळ बोलली आणि मी प्रथमच मध्ये न बोलता ऐकले. दुसऱ्या वर्षी वडिलांच्या तिथीला तिने स्वतः वह्यांचे गठ्ठे बांधले.

जयभीम!