कंपनीचं गाव

मंडळी, आपल्या गावात घर ज्याचं त्याचं असतं. विहीर चार भावांची, चावडी सगळ्यांची. पण अख्खं गावच एका मालकाचं असलं तर? तशा एका गावाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

हे गाव अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यात होतं. नाव डॉसन. डॉसन नावाचा एक गुरं पाळणारा माणूस तिथं राहत असे. त्याच्या रानात कोळसा निघाला. आधी तो आपल्याच चुलीत जाळी, शेजाऱ्यांना विकी. १९०१ साली त्याने जमीन विकली आणि खाण सुरू झाली. १९०६ साली फेल्प्स डॉज या तांब्याच्या मोठ्या कंपनीने ती घेतली.

कामासाठी इटली, ग्रीस, मेक्सिको अशा दूरदूरच्या देशांतून माणसं आली. हजारोंची वस्ती झाली. कंपनीने घरं बांधली. शाळा, दवाखाना, नाटकगृह, मोठं दुकान, सगळं केलं. सोय चांगली होती, हे खोटं नाही. पण घर कंपनीचं, दुकानही कंपनीचं. पगाराचा पैसा फिरून बराचसा तिकडेच जाई.

आता खाणीतली गोष्ट ऐका. कोळशाची ढेप सावकाश जळते. पण कोळशाची बारीक भुकटी हवेत उडाली आणि तिला ठिणगी लागली, तर ती एका क्षणात पेटते. तोफ उडावी तसा स्फोट होतो. म्हणून भुकटीवर पाणी मारावं लागतं. माणसं आत असताना सुरुंग उडवायचा नाही, असाही नियम असतो. २२ ऑक्टोबर १९१३ रोजी तो नियम मोडला. सुरुंग उडाला, भुकटी पेटली, २६३ माणसं मेली. मदतीला धावलेलेही दोघे त्यात गेले. दोनच दिवस आधी सरकारी तपासनीस खाण उत्तम आहे असं सांगून गेला होता!

दहा वर्षं झाली नाहीत तोच, ८ फेब्रुवारी १९२३ रोजी, खाणीतली गाडी रुळावरून घसरली. ठिणगी उडाली. पुन्हा भुकटीच पेटली. १२३ जण गेले. आधीच्या स्फोटात बाप गमावलेली काही मुलं या वेळी स्वतः मेली.

तरी गाव चालू राहिलं. याच गावात एका खाणकामगाराच्या घरी १९३० साली डोलोरेस ह्युर्टा जन्मल्या. पुढे त्यांनी शेतमजुरांची मोठी संघटना उभारली.

मग रेल्वेची इंजिनं डिझेलवर चालू लागली. कोळशाला गिऱ्हाईक राहिलं नाही. १९५० साली कंपनीने खाण बंद केली, आणि खाणीबरोबर गावही. घरं, यंत्रं, सगळं विकून मोडून नेलं. लोक काय करणार? घर त्यांचं नव्हतंच. बिऱ्हाडं उचलून ते पांगले.

एकच जागा राहिली, ती दफनभूमी. तिथं लोखंडाचे पांढरे क्रूस ओळीने उभे आहेत. पुढे कित्येक वर्षं जुने रहिवासी सुट्टीला लांबून तिथं जमत. बसायला ओसरी नव्हती, म्हणून उघड्यावरच शिदोरी सोडत.