कानातला नाद आणि कानांवरचे हेडफोन

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कानात सतत बारीक कुंईऽ असा आवाज येतो आणि तो दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत आता तिशीच्या आतली मुलंमुलीही बरीच असतात. आपण याला कान वाजणं म्हणतो, डॉक्टर टिनिटस म्हणतात. या मुलांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले तर हा आवाज बंद होईल का?

नाही होणार, कारण त्या यंत्राचं कामच वेगळं आहे. त्यातले छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात, यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून कानाशी सोडतं आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. ही कल्पना जर्मनीच्या पॉल लुएग यांची. 1936 साली त्यांना तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. पुढे 1978 मध्ये बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून विमानाने अमेरिकेला परतत होते. इंजिनाच्या घरघरीत त्यांना हेडफोनमधलं संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा तिथेच वही काढून ते गणित मांडत बसले. विमानातल्या घरघरीवरचा हा उतारा आहे, म्हणून आजही पंखा, एसी, बसचं इंजिन असे खालच्या पट्टीतले एकसुरी आवाज तो उत्तम कापतो. हॉर्न, शिट्टी, माणसांचं बोलणं तितकं नाही. तुमच्या कानातला आवाज तर हवेतून येतच नाही, मग तो माइकला मिळणार कुठून? आतल्या कानात सुमारे 15,000 केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून मेंदूला जाणारे संदेश रोडावले की मेंदू स्वतःच आपली ऐकण्याची पातळी वर चढवतो आणि त्यातून हा नाद उमटतो, असं आज मानलं जातं.

म्हणूनच मला धास्ती वाटते ती शांततेच्या हव्यासाची. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू चांगलं येणाऱ्या 80 माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यांतल्या 94 टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले, आणि कानाची तक्रार त्यांच्यापैकी कुणाचीच नव्हती! 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात 18 जणांनी एका कानात आठवडाभर बोळा घालून ठेवला. 14 जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. बोळा काढल्यावर ते गेले. निरोगी कानांची ही गत, तर ज्याचा कान आधीच वाजतो आहे त्याने दिवसभर शांततेत कोंडून घेतलं तर काय होईल?

हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्रास सौम्य. तपासणीच्या आलेखात 4,000 हर्ट्झपाशी खाच. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ती ओळखीची खूण. कंपनीच्या बसमध्ये हेडफोन, ऑफिसात हेडफोन, आणि घरी आल्यावर काहीही न वाजवता, नुसतं कॅन्सलिंग चालू ठेवून त्यातच झोप. ‘रात्री आवाज फार वाढतो हो,’ म्हणाला. मी त्याच्याकडून हेडफोन काढून घेतले नाहीत. बसमध्ये ते हवेतच, कारण इंजिनाची घरघर कापली गेली की गाणं मोठ्याने लावावं लागत नाही. या यंत्राचा कानाला होणारा खरा फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे. मात्र कॅन्सलिंग चालू केल्यावर आवाज खाली आणायचा. आपण तो आणत नाही, तिथेच फसतो. ऑफिसात तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवायचे. झोपताना हेडफोन नाहीत. पंखा किंवा पावसाचा आवाज, तोही कानातल्या नादापेक्षा किंचित खाली. नाद बुडवायचा नसतो, मेंदूला त्याची सवय होऊ द्यायची असते.

आवाज किती खाली? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला 40 तास, 80 डेसिबलपर्यंत. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10. मुलांसाठी 40 तासांना 75 च. आपण किती मोठ्याने आणि किती वेळ ऐकलं, याची नोंद बऱ्याच फोनमध्ये दिसते. आज घरी गेल्यावर पाहा.

काहींना कॅन्सलिंग चालू करताच खंडाळ्याचा घाट चढताना बसतात तसे दडे बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब प्रत्यक्षात वाढलेला नसतो, पण त्रास होत असेल तर पातळी कमी करावी किंवा ते बंदच ठेवावं. रस्त्याने चालताना, गाडी चालवताना तर कधीच लावू नये.

ढोल-ताशा पथकातल्या वादकांना मात्र आज कळकळीने सांगतो. ताशाचा कडकडाट हे हेडफोन अडवू शकत नाहीत. ती त्यांची जागाच नाही. तिथे फोमचे इअरप्लग किंवा इअरमफ लागतात. ते स्वस्त आहेत आणि केमिस्टकडे किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. ढोलांवर आपण हौसेने खर्च करतो, तर या वर्षी सराव सुरू होण्याआधी प्रत्येक पथकाने आपल्या प्रत्येक वादकासाठी एक जोडी घ्यावी.

आणि हेडफोनच्या भरवशावर घरी बसू नये असे काही प्रसंग आहेत. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, सोबत चक्कर असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळच निघतो, तेही बरंच. पण एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ‘सर्दी असेल, उतरेल’ म्हणून थांबू नका. पहिल्या काही दिवसांतच उपचाराला यश येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.