आवक रजिस्टर आणि आपलं मैदान

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अरे, इथे डॉक्टर आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर गेलेले आहेत, एक जण तर जहाजावर होता. नगरपालिकेतल्या कारकुनाचं भाषण कोण ऐकणार? तर म्हणाले, तू 36 वर्षं तिथे बसलास, तिथे नेमकं चालतं काय ते एकदा सांगून टाक. सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत मला तीनच प्रश्न विचारले गेले. आमच्या गल्लीतलं गटार कधी होणार, घरपट्टी एवढी कशी आली, आणि आपलं मैदान कुठे गेलं? पहिल्या दोन्हींची उत्तरं मला आता द्यावी लागत नाहीत, मी निवृत्त आहे. तिसऱ्याचं मात्र द्यायला हवं.

आधी एक दुरुस्ती. आपण सगळे नगरपालिका म्हणतो, मीही म्हणतो. कागदावर ती नगरपरिषद आहे, 1965 च्या अधिनियमापासून. आपली 'क' वर्गाची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरची. वर्ग लहान असला तरी कामं तीच. पाणी, दिवाबत्ती, साफसफाई, दवाखाना, स्मशानभूमी, बाजार, जन्म-मृत्यू. मुंबईतल्या माणसाला जे लागतं तेच इथल्या माणसालाही लागतं, फक्त ते करायला माणसं कमी.

तुम्हाला वाटत असेल की नगरपालिका सकाळी दहाला उघडते. ती साडेपाचला उघडते, हजेरी शेडवर. मुकादम वही घेऊन बसतो, सफाई कामगार अंगठा नाहीतर सही करतात आणि झाडू घेऊन आपापल्या भागात जातात. त्याच सुमाराला पाणी सोडणारा सायकलवरून निघतो. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी. गावातला सगळ्यात ताकदवान माणूस कोण असं मला विचाराल, तर नगराध्यक्ष नाही आणि मुख्याधिकारीही नाहीत, तो. वरच्या आळीला दहा मिनिटं जास्त पाणी गेलं की खालच्या आळीच्या बायका अकरा वाजता कचेरीत कळशा आपटतात. मुख्याधिकारी बदलून जातात, नगराध्यक्ष कधी थेट लोकांतून येतात, जसे 2001 ला आणि 2016 ला, कधी नगरसेवकांतून. पण कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे त्या एकट्याच्या हाताला ठाऊक. त्याचा नकाशा कचेरीत कधीच नव्हता.

मी सुरुवातीला जन्म-मृत्यूच्या टेबलावर होतो. इथे बसलेल्यांत 1 जून ही जन्मतारीख असलेले किती? हात वर करा... बघा! निम्मा वर्ग. आपल्या हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट 1 जून लिहिली. आपल्याला त्याचं काही वाटलं नाही, पण पासपोर्ट काढायची वेळ आली की तुमच्यातलेच कितीतरी जण माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आमच्या रजिस्टरात खरी तारीख असायची आणि नावाचा रकाना कोरा! कारण बाळ जन्मल्यावर 21 दिवसांत वर्दी दिली जाते, तोवर बारसं झालेलंही नसतं. नाव नंतर घालायचं असतं. वर्षाच्या आत फुकट, पुढे विलंब शुल्क भरून. ते कुणी घालत नाही. मग 'पुरुष जातीचे मूल' एवढ्याच नावाने माणूस पन्नास वर्षांचा होतो. तो दाखला हातात घेतल्यावर लोक खो खो हसायचे आणि लगेच भांडायला लागायचे.

नंतर मी करविभागात गेलो. तिथलं फार सांगत नाही, जेवण पचायचं आहे. एवढंच सांगतो की आकारणी चार वर्षांनी सुधारली जाते, यादी लावली जाते आणि हरकत घ्यायला मुदत असते. मुदतीत येतात पाच-पंचवीस जण. बाकीचे मार्चमध्ये वसुलीचं पथक दारात आल्यावर हरकत घेतात. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, हे तेव्हा त्यांना कळतं.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर जकातीचं सांगायला हवं, कारण ती मैदानाच्या आड येते. आपल्या लहानपणी गावाच्या तोंडाशी नाका होता, बांबू आडवा टाकलेला. बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांची रांग लागायची. लोक नाक्याला शिव्या द्यायचे, आणि त्या योग्यच होत्या. पण संध्याकाळी त्या नाक्यावरून रोख रक्कम कचेरीत यायची आणि तिच्यावर पगार व्हायचे. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात सरकारचं अनुदान सुरू झालं. अनुदान आलं की पगार, नाही आलं की वाट बघायची. स्वतःचा म्हणावा असा पैसा गावाच्या हातात फारसा राहिला नाही.

आता मैदान. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की ते शाळेचं होतं. ते शाळेचं नव्हतं आणि नगरपालिकेचंही नव्हतं. शाळेच्या मागची ती दोन एकर जमीन एका कुटुंबाची होती, आणि त्या कुटुंबाने आपल्याला तिथे खेळू दिलं होतं. आपण शाळा सोडल्यावर काही वर्षांनी गावाचा विकास आराखडा मंजूर झाला आणि त्या जमिनीवर 'खेळाचे मैदान' असं आरक्षण पडलं. सगळे खूश. मैदान वाचलं, असंच मलाही वाटलं. पण आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग असतो. ती जमीन पैसे देऊन घ्यावी लागते. दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्या काळी नोटीस पोचल्यापासून सहा महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपत होतं. पुढे ही मुदत वाढवली, पण ते पुढे.

2002 च्या जूनमध्ये ती नोटीस आली आणि ती मीच घेतली. तेव्हा जागा रिकाम्या होत्या, म्हणून सभा लिपिक मी आणि आवक-जावकचं टेबलही माझ्याकडेच. शिक्का मारला, क्रमांक टाकला, विषयाच्या रकान्यात लिहिलं 'जमिनीबाबत अर्ज', आणि दिवसाच्या टपालात आत पाठवली. त्या दिवशी टपालात पन्नासेक कागद असतील. गटार, दिवा, दाखला, आणि हा एक.

मुख्याधिकाऱ्यांनी कोपऱ्यात सही करून ती बांधकाम विभागाला दिली. अभियंत्याकडे दोन गावांचा कार्यभार, तो आठवड्यातून तीन दिवस इथे. त्याने मोजणीसाठी पत्र लिहिलं. पाऊस होता, मोजणी लांबली. सप्टेंबरची सभा गणपूर्ती नसल्याने तहकूब झाली, गणपतीचे दिवस होते. मग दसरा आणि दिवाळीच्या मधे सभा लागली. सात दिवस आधी नोटीस काढायची असते, ती मी काढली. विषयपत्रिकेवर 19 विषय, त्यात हा चौदावा.

सभा कशी असते ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही. दिवे खरेदीच्या विषयावर दीड तास आरडाओरडा झाला. एकाने माइक उचलला, एक उठून गेला आणि चहाला परत आला. नवे सभासद निवडून येऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि भांडावं कुठे हे अजून कळायचं होतं. दिवे संपले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पुढचे विषय नगराध्यक्षांनी वाचायचे आणि समोरून 'मंजूर, मंजूर' असा आवाज यायचा. चौदावा विषय मिनिटभर चालला असेल. कुणी विरोध केला नाही. मैदान हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यातले दोघे तर त्याच मैदानावर माझ्याबरोबर कबड्डी खेळलेले.

त्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. आपल्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही सारांशलेखनात मला नेहमी पैकीच्या पैकी गुण द्यायचा. पाच तासांची सभा मी सहा पानांत बसवायचो. त्या ठरावात मी लिहिलं, 'सदर जागेचे भूसंपादन करण्याचा प्रस्ताव निधी उपलब्धतेनुसार मा. जिल्हाधिकारी यांचेकडे सादर करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.' सूचक अमुक, अनुमोदक तमुक. त्यातले 'निधी उपलब्धतेनुसार' हे दोन शब्द सभेत कुणीच उच्चारले नव्हते. ते माझे. माझे तरी कसले, मागच्या शेकडो ठरावांत ते होते, मी नोकरीला लागलो तेव्हाच माझ्या हाताला त्यांची सवय लावण्यात आली होती. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा पहिला विषय असतो. तो अर्ध्या मिनिटात कायम झाला. कुणी वाचलं नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्रुटी काढून परत आला. ठरावात निधीची ठोस तरतूद दिसत नाही, अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष आणि भरायची रक्कम कळवा. उत्तर तयार होईपर्यंत सहा महिने उलटून गेले होते. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथे कायद्यानेच सहा महिने दिले होते आणि आम्ही ते मोजून थांबलो.

जमिनीच्या मालकाबद्दल गावात वाईट बोललं गेलं. मला ते पटलं नाही. दहा वर्षांहून जास्त काळ त्या माणसाला स्वतःच्या जमिनीवर ना बांधता येत होतं, ना ती धड विकता येत होती. नोटीस द्यायला तो स्वतः आला होता, पोच घेताना मला म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही घ्या, माझी ना नाही, पण घ्या तरी किंवा सोडा तरी." याला मी काय उत्तर देणार होतो?

गेली वीसेक वर्षं मी स्वतःला विचारतो, ते दोन शब्द लिहिले नसते तर मैदान राहिलं असतं का? बहुधा नाही. पैसा खरोखरच नव्हता. आणि 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की नुसता ठराव करून प्रस्ताव पाठवणं हे संपादनाचं पाऊल धरता येत नाही. म्हणजे आमचं काम वेळेत झालं असतं तरी कदाचित पुरलं नसतं. पण हे मला 2007 मध्ये कळलं. 2002 च्या जूनमध्ये त्या नोंदीसमोर लाल शाईने मुदतीची तारीख घालणं मला जमण्यासारखं होतं. विषयाच्या रकान्यात 'जमिनीबाबत अर्ज' ऐवजी 'कलम 127 ची नोटीस' लिहिणंही. पावसाळ्यातच कुणीतरी घाबरलं असतं, आमदारांकडे गेलं असतं, वर्गणी काढली असती. तुम्हाला पत्रं लिहिली असती. निदान भांडण तरी दिव्यांच्या ऐवजी मैदानावरून झालं असतं.

त्यानंतर मी एक वेगळी वही घातली. ज्या कागदाला मुदत आहे तो तिच्यात. कोर्टाचं समन्स, 127 च्या नोटिसा, आणि 2005 नंतर माहिती अधिकाराचे अर्ज, त्यांना 30 दिवस. दर सोमवारी ती वही मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचो. एक-दोघांना ते आवडलं नाही, त्यांना वाटलं मी त्यांच्यावर पहारा ठेवतोय. तसं थोडं होतंही. माझ्या जागी आलेली मुलगी आता ती यादी संगणकावर ठेवते. ती आपल्याच शाळेची, आपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी पास झालेली.

मैदानाच्या जागी काय आहे ते येताना तुम्ही पाहिलंच. प्लॉट पडले, बंगले झाले, दोन दवाखाने आले. तिथे आपल्यापैकी एकाचं घरही आहे, तो आत्ता मान खाली घालून बसला आहे. अरे, वर बघ, तू रीतसर विकत घेतलं आहेस! पण जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणून दोन एकरांतले आठ गुंठे शिल्लक आहेत, त्रिकोणी आकाराचे. एका टोकाला आपला पिंपळ, त्याच्याखाली व्यायामाची चार लोखंडी यंत्रं, त्यातलं एक मोडलेलं. कबड्डीचं मैदान बसेल एवढी जागा आहे, मी पावलांनी मोजून पाहिली.

उद्या सकाळी कुणाला यायचं असेल तर सातला शाळेच्या मागच्या फाटकाशी या. गुडघे दुखत असतील त्यांनी नुसतं बघायला या. तिथे कुलूप असतं, पण त्याची काळजी नको. किल्ली पाणी सोडणाऱ्याकडे असते, आणि पावणेसातपर्यंत त्याची वरची आळी झालेली असते.