निद्रा, चित्त आणि व्यवसाय
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



व्यापारी माणसापुढे झोपेची महती सांगणे म्हणजे आळसाचा पुरस्कार करणे, असा समज आपल्यांत रूढ आहे. दिवाळीपूर्वी तीन रात्री पाठ टेकली नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. आम्हीही सांगत असू. एका वर्षी हिशेबाच्या वह्या पुऱ्या करण्यासाठी अशीच रात्र जागून काढली. सकाळी एक जुने गिऱ्हाईक मालात थोडा बदल सुचविण्यास आले. आम्ही त्रासून त्यांस वाटेला लावले. पुढे तोच बदल दुसऱ्या दुकानदाराने केला व त्याचा माल खपू लागला. आमचे भांडवल कमी पडले नव्हते. कमी पडली होती झोप, आणि तिच्यामागोमाग चित्ताची प्रसन्नता.

हा केवळ आमचाच अनुभव नव्हे. जर्मनीतील ल्यूबेक येथील शास्त्रज्ञांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही व्यक्तींना आकड्यांची उदाहरणे दिली. ती झटपट सोडविण्याची एक युक्ती त्यांत दडलेली होती. मध्ये आठ तास जाऊ दिले. त्या अवधीत झोपलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांना युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांनाच. झोप अपुरी झाली म्हणजे मन चिडते, आणि चिडलेल्या मनाला अडचणी तेवढ्या दिसतात, संधी दिसत नाही. झोपेची निंदा करणारा एडिसनदेखील प्रयोगशाळेत खाट ठेवून दिवसा डुलकी घेत असे!

नोकरदाराच्या कामाला वेळेची मर्यादा असते. उद्योजकाची काळजी त्याच्याबरोबर अंथरुणावर येते. म्हणून आमची विनंती अशी की, रात्री ठराविक वेळी वही मिटावी, उद्याची कामे कागदावर टिपून मन मोकळे करावे, आणि जागरणानंतरच्या सकाळी मोठा व्यवहार ठरवू नये.

आणखी एक गोष्ट. पहाटे उठून पापड-मसाल्यांचा व्यवसाय सांभाळणाऱ्या व रात्री सर्वांच्या मागून निजणाऱ्या आपल्या भगिनी याही उद्योजकच आहेत. त्यांच्या वाट्याची झोप घरातील इतरांनी कामे वाटून घेऊनच राखली पाहिजे.

पैशाचे भांडवल उसने मिळते. झोपेचे मिळत नाही. तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे.