कादंबरीकाराची बैठक
(करवीर तालुक्यातील कळंबा येथे साहित्यप्रेमी श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या कळंबा तलावाने एके काळी करवीरनगरीची तहान भागविली, त्याच्या काठच्या या गावात आज विषय आहे तो कादंबरीकाराच्या दिनक्रमाचा. कादंबरीकार म्हटला की निवांत खोली आणि प्रतिभेचा संचार असे चित्र डोळ्यांपुढे येते. या जिल्ह्याच्या मातीतील लेखकांची चरित्रे मात्र वेगळेच सांगतात.

शिवाजी सावंत आजऱ्याचे. १९६२ ते १९७४ ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. दिवस शाळेचा, लेखनाला उरेल तो वेळ. ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. त्यामागे महाभारताचे वाचन होते, केदारनाथ मिश्र आणि दिनकर या हिंदी कवींच्या कर्णकाव्यांचा अभ्यास होता आणि तुटपुंज्या पगारातून केलेला कुरुक्षेत्राचा प्रवासही होता. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण असे सहा जण या कथेत आपापल्या तोंडाने बोलतात. प्रत्येकाची वाणी निराळी राखणे हे स्फूर्तीचे काम नव्हे. पुनःपुन्हा लिहून पाहण्याचे काम आहे.

वि. स. खांडेकरांनी १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत अध्यापन केले. १९३८ साली ते कोल्हापुरास आले ते चित्रपटकथा लिहिण्यासाठी. ‘ययाति’ १९५९ ची. तिच्या लेखकास १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतील पहिला. उत्तरायुष्यात दृष्टी गेली, तरी बैठक मोडली नाही. ते सांगत आणि लेखनिक उतरवून घेत. रणजित देसाईंनी तर ‘स्वामी’ लिहिली ती चंदगड तालुक्यातील कोवाडसारख्या खेड्यात राहून.

येथवर कष्टांची गोष्ट झाली. पण कष्ट करूनही कादंबरीकार चुकू शकतो आणि त्याची चूक पिढ्यांना भोगावी लागते, हे आपल्या समाजाने अनुभवले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी रंगभूमीने छत्रपती संभाजी महाराजांना व्यसनी आणि उच्छृंखल रंगविले. औंधकरांचे ‘बेबंदशाही’ त्यांत विशेष गाजले. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या आणि घरोघरी तीच प्रतिमा रुजली. धर्मासाठी १६८९ साली हालहाल सोसून देह ठेवणाऱ्या राजाची ही शोभा! वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजीचरित्र प्रसिद्ध केले, पुढे डॉ. कमल गोखले यांनीही त्याच विषयावर संशोधन केले. त्या भूमीवर १९७९ साली सावंतांची ‘छावा’ उभी राहिली. जाडजूड चरित्रग्रंथ जेथे पोहोचत नाही, तेथे कादंबरी पोहोचली. कल्पनेने लावलेला डाग संशोधनाने पुसला, पण ते सामान्य घरापर्यंत नेले पुन्हा कल्पनेनेच.

म्हणून लेखकाची जबाबदारी वाढते. २०२५ साली ‘छावा’वर आधारित चित्रपट आला. महाराजांच्या लेझीम नृत्याचे दृश्य आक्षेपानंतर वगळावे लागले आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली. कादंबरीतील प्रत्येक नावामागे कोणाचे तरी कुळ असते. कर्णाचेही तसेच. ‘मृत्युंजय’ वाचून डोळे भरून येतात; परंतु व्यासांच्या सभापर्वात द्रौपदीची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. ‘मृत्युंजय’च्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्व्यांनी या पात्रांकडे कठोरपणे पाहिले. घरात दोन्ही पुस्तके असावीत. कर्णावर प्रेम करण्याचा अधिकार लेखकाला आहे, मूळ ग्रंथ न उघडता प्रेम करण्याचा नाही.

कळंब्याच्या होतकरू लेखकांना फार लांब जावे लागत नाही. कोल्हापुरातच पुराभिलेखागार आहे, तेथे मोडी कागदांची दप्तरे आहेत. शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय आहे. मोडी मात्र शिकावी लागते. रोज थोडा वेळ दिला तर अक्षरे लवकर लागतात, जुने वळणदार हस्ताक्षर लागायला त्याहून बराच अधिक काळ जातो.